हेल्पचा मजकूर ठेवायचा कुठे आणि तपासायचा कसा? कमांड-लाइन टूल लिहिणाऱ्यांसाठी तुलना

फेब्रुवारीतली गोष्ट. द्राक्षांचा हंगाम भरात होता. रात्री साडेनऊला पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमधून फोन आला. तिथलं कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या ताई बोलत होत्या. "सर, पॅलेट लिस्टमधलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नाहीये. कंटेनर दाराशी उभा आहे. तुम्ही सांगितलं तसं मी हेल्प वाचूनच कमांड दिली होती."

आमच्या टूलचं नाव 'तोल'. ते वजनकाट्याची फाइल वाचतं आणि पॅलेट लिस्ट काढून देतं. त्याच्या हेल्पमध्ये, म्हणजे कसं वापरायचं विचारलं की टूल पडद्यावर छापतं त्या मजकुरात, ही ओळ होती (कमांड आणि ऑप्शन प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत, इथे देवनागरीत लिहितोय):

    --बॉक्स-वेट केजी    एका पेटीचं वजन, न दिल्यास ५ किलो

कोडमध्ये मात्र तिथे ४.५ होते. पंधरा दिवसांपूर्वी एका ऑर्डरसाठी साडेचार किलोच्या पेट्या भरायच्या होत्या, म्हणून मीच तो आकडा बदलला होता. हेल्पची ओळ वेगळ्या फाइलमध्ये हाताने टाइप केलेली होती, ती तशीच राहिली. ताईंचा माल पाच किलोच्या पेट्यांचा. आपोआप पाचच धरले जातात असं त्यांनी वाचलं आणि ऑप्शन दिला नाही. हेल्प वाचली नसती तर नेहमीच्या सवयीने वजन टाइप केलं असतं आणि काहीच बिघडलं नसतं. वाचली म्हणून चुकलं. हे मला फार लागलं. लिस्ट पुन्हा काढून, स्टिकर बदलून कंटेनर न्हावा शेवाकडे निघायला मध्यरात्र झाली.

नाशिकला गंगापूर रोडवर आम्ही तिघं मिळून अशी छोटी टूल्स लिहितो. काही पॅकहाउससाठी, काही अंबड आणि सातपूरच्या मशीन शॉपसाठी. त्या रात्रीनंतर आम्ही हेल्पचा मजकूर सांभाळायच्या चार पद्धती नीट वापरून पाहिल्या. तुम्हीही आता कुठली धरायची या विचारात असाल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल. प्रत्येक पद्धतीला मी एकच प्रश्न विचारला आहे: मजकूर आणि कोड यांची फारकत झाली तर ती आधी कोणाला कळते, लिहिणाऱ्याला की वापरणाऱ्याला?

हाताने लिहिलेली हेल्प

शेल स्क्रिप्टमध्ये बहुतेक सगळे हेच करतात. वर एक मोठा मजकूर ठेवायचा, हेल्प मागितली की तो छापायचा. शेलमधलं गेटऑप्ट्स ऑप्शन वाचून देतं, पण हेल्प बनवून देत नाही, त्यामुळे दुसरा इलाजही नसतो. या पद्धतीची चांगली बाजू मी कमी लेखणार नाही. रोज लागणारे तीन ऑप्शन वर, वर्षातून एकदा लागणारे खाली, मध्ये दोन ओळींची सूचना, शेवटी उदाहरणं: वाचणाऱ्याला समोर बसवून लिहिल्यासारखी हेल्प फक्त अशीच होते. यंत्राने जुळवलेल्या हेल्पला ती ऊब सहज येत नाही.

पण फारकत झाली की ती कोणालाच कळत नाही, थेट ताईंचा फोन येतो. हीच पद्धत ठेवायची असेल तर किमान एक टेस्ट लिहा: कोडमध्ये ओळखले जाणारे सगळे ऑप्शन गोळा करायचे, हेल्पमध्ये दिसणारे सगळे ऑप्शन गोळा करायचे आणि दोन्ही याद्या सारख्या आहेत का पाहायचं. पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) यासारख्या प्रचंड प्रकल्पालाही हे करावं लागलं. गिटमध्ये कमांडला एक डॅश आणि एच दिलं की छोटी हेल्प छापली जाते, आणि पूर्ण हेल्प शब्द दिला की मॅन पेज, म्हणजे त्या कमांडचं सविस्तर माहितीपान, उघडतं. म्हणजे एकाच कमांडचा वापर दोन ठिकाणी लिहिलेला. या दोन्ही ठिकाणच्या ओळी जुळतात का, हे तपासणारी टेस्ट त्यांनी २०२२ मध्ये घातली. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की त्यांनी आधी सगळी दुरुस्ती करून मग टेस्ट लावली नाही. न जुळणाऱ्या कमांडची यादी एका फाइलमध्ये ठेवली, तेवढ्यांना सूट दिली आणि बाकीच्यांना टेस्ट लागू केली. नवी चूक आत येत नाही आणि जुनी यादी सवडीने कमी होत जाते. जुनं टूल हातात असलेल्या कोणीही हे उचलावं.

पार्सरनेच तयार केलेली हेल्प

पार्सर म्हणजे कमांडसोबत दिलेले ऑप्शन वाचून समजून घेणारा कोडचा भाग. पायथनमध्ये आर्गपार्स, रस्टमध्ये क्लॅप, गोमध्ये कोब्रा. तिन्हींची रीत एकच: ऑप्शन जिथे जाहीर करायचा, तिथेच त्याचं वर्णन लिहायचं. हेल्प त्यातून आपोआप बनते. क्लॅपमध्ये तर फील्डवरची डॉक कॉमेंटच हेल्पचा मजकूर होते. आर्गपार्स पायथन २.७ पासून, म्हणजे २०१० पासून भाषेबरोबरच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पॅकहाउसच्या जुन्या मशीनवर ही फार मोठी सोय आहे.

'तोल' आम्ही याच पद्धतीवर आणलं. वर्णनात आकडा हाताने लिहायचाच नाही, डिफॉल्टची (ऑप्शन न दिल्यास धरायच्या किमतीची) खूण लिहायची. छापताना आर्गपार्स तिथे कोडमधलाच आकडा घालतं. त्या रात्रीची चूक अशा रचनेत घडूच शकली नसती.

तरी ही पद्धत धरली म्हणजे सुटलो असं नाही. तीन ठिकाणी आम्ही अडखळलो.

पहिलं अडखळणं टक्केचिन्हाचं. डिफॉल्टची खूण टक्केचिन्हाने सुरू होते, त्यामुळे साध्या वाक्यातलं टक्केचिन्हही आर्गपार्स खूण समजतं. आमच्या धाकट्या सहकाऱ्याने एका ऑप्शनच्या वर्णनात "वाहतुकीत २% घट धरून" असं लिहिलं. टूल व्यवस्थित चालत होतं, सगळ्या टेस्ट पास झाल्या. हेल्प मागितली की मात्र टूल कोसळायचं. टक्केचिन्ह दोनदा लिहायचं, २%% असं, एवढाच उपाय. पण हेल्प मागणारी एकही टेस्ट नसल्यामुळे हे आमच्यापैकी कोणाला दिसलंच नव्हतं.

दुसरं जास्त वाईट, कारण ते गुपचूप होतं. कितीतरी टूलमध्ये पार्सरला डिफॉल्ट दिलेलाच नसतो. ऑप्शन आला नाही तर पुढे कुठेतरी कॉन्फिग फाइलमधून किंवा कोडमधल्या एखाद्या अटीतून आकडा घेतला जातो. पार्सरला ते काय ठाऊक? तो हेल्पमध्ये 'नन' (म्हणजे काहीच नाही) छापतो. मग कोणीतरी वैतागून वर्णनात आकडा हाताने लिहितं आणि आपण पुन्हा पहिल्याच पद्धतीवर येतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डिफॉल्ट पार्सरलाच द्या. कॉन्फिगमधून येणार असेल तर हेल्पमध्ये आकडा न लिहिता "न दिल्यास कॉन्फिग फाइलमधला" असं सरळ लिहा.

तिसरं म्हणजे मांडणी. आर्गपार्स वर्णनातल्या मोकळ्या ओळी आणि जागा गिळून सगळं एका परिच्छेदात ओततं, त्यामुळे शेवटी दिलेल्या उदाहरणांचा काला होतो. त्यासाठी त्याचा 'रॉ डिस्क्रिप्शन' नावाचा फॉरमॅटर आहे, तो पार्सर बनवतानाच द्यावा लागतो. हा माहीत नसल्यामुळे हेल्पमधून उदाहरणंच काढून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. वाईट वाटतं, कारण ताईंसारखी माणसं हेल्प उघडल्यावर आधी उदाहरणच शोधतात.

डॉकऑप्ट: मजकूर हाच कायदा

ही सगळ्याच्या उलट चाल. व्लादिमिर केलेशेव यांनी २०१२ मध्ये पायथनसाठी आणली. तुम्ही हेल्पचा मजकूर लिहायचा, आणि डॉकऑप्ट तोच वाचून पार्सर बनवतं. डिफॉल्टसुद्धा मजकुरातल्या चौकोनी कंसातून उचललं जातं. हेल्पमध्ये पाच लिहिलंय म्हणजे पाचच. कागदावर ही कल्पना मला चौघांत सगळ्यात सुंदर वाटते.

व्यवहारात दोन अडचणी आल्या. ऑप्शन आणि त्याचं वर्णन यांच्यात किमान दोन स्पेस लागतात. एकच पडली तर वर्णनाचा पहिला शब्द त्या ऑप्शनची किंमत समजला जातो. म्हणजे मजकुरातली साधी टायपिंगची चूक टूलचं वागणं बदलून टाकते, आणि डोळ्यांना ती एक स्पेस दिसत नाही. दुसरं, सगळ्या किमती अक्षरांच्या रूपात मिळतात. पेटीच्या वजनाला कोणी 'अर्धा' लिहिलं तरी डॉकऑप्ट ते आनंदाने पुढे देतं. आकडा आहे का, किती मोठा आहे, हे तुम्हीच तपासायचं.

शिवाय मूळ पायथन लायब्ररीची शेवटची आवृत्ती २०१४ ची आहे. डॉकऑप्ट-एनजी नावाची फांदी पुढे सांभाळली गेली, नवं टूल असेल तर तीच घ्यावी. एकट्याने लिहिलेल्या, चार-पाच ऑप्शनच्या टूलला डॉकऑप्ट छान शोभतं. सबकमांड (एकाच टूलच्या पोटातल्या वेगळ्या कमांड) वाढायला लागल्या की मी त्यातून बाहेर पडेन.

मॅन पेजवरून हेल्प की हेल्पवरून मॅन पेज?

आमच्या वापरणाऱ्यांपैकी कोणी मॅन पेज उघडत नाही, म्हणून इथे थोडक्यातच लिहितो. लिनक्स सर्व्हरवरच्या लोकांसाठी टूल असेल तर मात्र ते लागतंच. ग्नू प्रकल्पाचं हेल्पटूमॅन तुमच्या टूलची हेल्प आणि व्हर्जन छापून घेतं आणि त्यावरून मॅन पेज तयार करतं. कोब्रा मॅन पेज आणि मार्कडाउन दोन्ही काढून देतं; क्लॅपसाठी क्लॅप-मॅनजेन आहे. दिशा हीच ठेवा: कोडमधून हेल्प, हेल्पमधून पेज. उलट दिशेने दोन मजकूर हाताने सांभाळायला गिटइतकी माणसं लागतात. मॅन पेज हातानेच लिहिलं असेल तर मॅनडॉकचा लिंट पर्याय त्यातल्या रचनेच्या चुका दाखवतो.

जाता जाता एक. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. त्यातल्या पानांवर कमांडच्या ज्ञात त्रुटींसाठी 'बग्ज' असा वेगळा भाग असायचा. स्वतःच्या टूलमध्ये काय चुकतं हे वापरणाऱ्याला आधीच सांगायची ती सवय हेल्पमध्येही आणावी. आम्ही 'तोल'मध्ये तशी एक ओळ घातली: "काट्याच्या फाइलमध्ये तारीख बदलली तर मध्यरात्रीनंतरच्या पेट्या वेगळ्या लिस्टमध्ये जातात." त्या ओळीने आमचे कितीतरी फोन वाचले.

तपासणी: स्नॅपशॉट की चालवून पाहिलेली उदाहरणं

हेल्प कुठेही ठेवा, ती तपासायचे मुख्य मार्ग दोन.

स्नॅपशॉट म्हणजे आजची पूर्ण हेल्प एका फाइलमध्ये जपून ठेवायची आणि दर वेळी नव्या हेल्पशी ताडून पाहायची. करायला अगदी सोपं. खरा फायदा मला कोड तपासताना जाणवला. सहकाऱ्याने पाठवलेल्या बदलात वापरणाऱ्याला दिसणारे शब्द जसेच्या तसे समोर येतात, त्यामुळे "हे वाक्य ताईंना कळेल का?" असा प्रश्न विचारायला जागा मिळते.

पण स्नॅपशॉटला खरं-खोटं कळत नाही. काल जे होतं तेच आज आहे, एवढंच तो सांगतो. पहिल्याच दिवशी चुकीचा आकडा जपून ठेवला तर तो निष्ठेने तीच चूक राखतो. शिवाय तो नको तिथे तुटतो. आर्गपार्स टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडतं, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर पास होणारी टेस्ट बिल्ड सर्व्हरवर पडायची. कॉलम्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ८० वर बांधला, तेव्हा शांत झालं. पायथन ३.१० मध्ये 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' हे शीर्षक बदलून नुसतं 'ऑप्शन्स' झालं, ३.१४ पासून हेल्पला रंग आले. आपण काहीच न बदलता स्नॅपशॉट लाल होतात. अशा फुकटच्या लाल खुणा वाढल्या की माणूस न वाचताच 'अपडेट' करतो, आणि त्या सवयीत खरी चूकही निसटते. म्हणून रुंदी बांधा, रंग बंद करणारा नो-कलर व्हेरिएबल लावा आणि स्नॅपशॉट एकाच पायथन आवृत्तीवर तपासा.

दुसरा मार्ग उदाहरणं चालवून पाहायचा. हेल्पमध्ये दिलेली प्रत्येक कमांड खरोखर चालवायची आणि येणारं उत्तर ताडायचं. क्रॅम नावाचं टूल हेच करतं: साध्या फाइलमध्ये दोन स्पेस सोडून डॉलर चिन्ह आणि कमांड लिहायची, खाली अपेक्षित उत्तर. रस्टवाल्यांसाठी ट्रायसीएमडी आहे. इथे खरं-खोटं कळतं. त्या रात्रीची चूक स्नॅपशॉटने पकडली नसती, कारण हेल्पचा मजकूर बदललाच नव्हता. बदललं होतं ते टूलचं वागणं. पण "ऑप्शन न देता दहा पेट्या, एकूण ५० किलो" असं एक उदाहरण चालवून पाहिलेलं असतं, तर मी आकडा बदलला त्याच मिनिटाला ४५ दिसले असते.

दोन्हींतला एकच ठेवता येणार असेल तर मी उदाहरणं ठेवेन. यात मला शंका नाही.

यांच्या जोडीला अगदी छोट्या तीन गोष्टी. प्रत्येक सबकमांडची हेल्प एकदा मागून पाहणारी टेस्ट. टक्केचिन्हाची चूक हीच पकडते. हेल्प मागितल्यावर मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर यावा आणि टूल शून्य कोड देऊन बंद व्हावं, असं ग्नूचा दंडक सांगतो. चुकीच्या ऑप्शनला आर्गपार्स स्टँडर्ड एररवर लिहून २ कोड देतं. हेही तपासा. आणि तिसरं: हेल्प कशावरही अवलंबून नसावी. आमचं एक टूल ऑप्शन वाचायच्या आधीच वजनकाट्याचा सीरियल पोर्ट उघडत होतं. काटा जोडलेला नसला की हेल्पऐवजी एरर. ज्याला काटा कसा जोडायचा हेच वाचायचं आहे, त्याने काय करावं?

हेल्प मराठीत लिहायची असेल तर

आम्ही ऑप्शनची नावं रोमनमध्ये ठेवतो, वर्णन मराठीत. पॅकहाउसमध्ये त्याचा फरक लगेच दिसला. पण इथले काही काटे इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या पायाला कधी लागतच नाहीत.

'द्राक्षं' हा शब्द पाहा. डोळ्यांना दोन अक्षरं, पायथनच्या मोजणीत आठ. ओळ कुठे मोडायची हे आर्गपार्स त्या मोजणीवर ठरवतं, त्यामुळे मराठी ओळी अर्ध्यातच मोडतात आणि उजवीकडे मोकळी जागा राहते. वाईट दिसतं, पण वाचता येतं. ऑप्शनच्या नावापुढचा किमतीचा शब्द मात्र मराठीत ठेवू नका. तो डाव्या रकान्यात येतो आणि सगळा उजवा रकाना वाकडा करतो.

विंडोजवर पडद्यावर नीट दिसणारी मराठी हेल्प फाइलमध्ये वळवली की पायथन कधीकधी कोसळतं, कारण तिथे तो सिस्टीमची जुनी कोडपेज वापरतो. पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू केला की प्रश्न मिटतो.

आणि सगळ्यात छुपा काटा: 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ्या'. काही कीबोर्ड त्यात वेगळा 'ऱ' घालतात, काही साधा 'र' आणि हलंतापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. स्नॅपशॉट टेस्ट मात्र फरक दाखवते आणि आपण दोन एकसारख्या ओळींकडे बघत बसतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करणं) हे दोन प्रकार एक करत नाही. आम्ही 'ऱ'चाच प्रकार ठरवला आणि मजकुरात दुसरा आढळला तर टेस्ट पडते.

मग काय घ्यावं

शेल स्क्रिप्ट असेल तर हाताने लिहा, पण दोन याद्या ताडणारी टेस्ट आजच लावा. पायथन, गो किंवा रस्टमध्ये काहीही नवं सुरू करत असाल तर पार्सरनेच बनवलेली हेल्प घ्या, डिफॉल्ट पार्सरमध्ये ठेवा, चार-पाच उदाहरणं क्रॅमसारख्या टूलने चालवा. आम्हाला 'तोल' असं बदलायला दोन दिवस लागले. जुनं आणि अवाढव्य टूल असेल तर गिटसारखी सूट-यादी करून सुरुवात करा, सगळं आधी दुरुस्त करत बसू नका. टूलवर तीनपेक्षा जास्त माणसं काम करत असतील तर स्नॅपशॉटही ठेवा, शब्दांवर बोलणं व्हावं म्हणून.

आणि हंगामाच्या आधी एकदा तरी, वापरणाऱ्या माणसाला हेल्प मोठ्याने वाचायला सांगा. नोव्हेंबरमध्ये मी पिंपळगावला गेलो, सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. ताई वाचता वाचता त्याच ओळीवर थांबल्या. "सर, पेटीचं वजन म्हणजे रिकाम्या खोक्यासकट, की नुसत्या मालाचं?"

तेव्हापासून ती ओळ अशी आहे:

    --बॉक्स-वेट केजी    एका पेटीतल्या मालाचं वजन, रिकामं खोकं
                        सोडून (न दिल्यास ५)